निष्ठा कुणाशी: नेत्याशी, पक्षाशी की मतदाराशी?

नोव्हेंबर 2022 मध्ये अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आमदार रमेश लटके यांचे त्या वर्षी मे महिन्यात निधन झाले होते. त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके उमेदवार होत्या. पण मतदानयंत्रावर त्यांच्या नावासमोर धनुष्यबाण नव्हता. होती ती मशाल. शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह, दोन्ही निवडणूक आयोगाने 8 ऑक्टोबरला गोठवले होते. वर्षानुवर्षे डोळे मिटून धनुष्यबाणावर बोट ठेवणाऱ्या माणसाने आता काय करायचे? भाजपच्या उमेदवाराने माघार घेतली होती. लटके यांना 66,530 मते मिळाली, आणि दुसऱ्या क्रमांकावर होता ‘नोटा’, 12,806 मते घेऊन. एकतृतीयांशाहूनही कमी मतदार घराबाहेर पडले.

हा सारा गोंधळ जून 2022 मध्ये सुरू झाला. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते आणि एकनाथ शिंदे त्यांच्याच मंत्रिमंडळात मंत्री. 21 जूनला शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. 29 जूनला ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि 30 जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. शिवसेनेच्या 55 आमदारांपैकी 40 शिंदे यांच्याबरोबर होते. मागाठाण्याचे प्रकाश सुर्वे, चांदिवलीचे दिलीप लांडे, कुर्ल्याचे मंगेश कुडाळकर तिकडे गेले. दिंडोशीचे सुनील प्रभू, विक्रोळीचे सुनील राऊत, भांडुपचे रमेश कोरगावकर इकडेच राहिले. एका बाजूने ‘गद्दार’ म्हटले. दुसऱ्या बाजूने, आम्हीच मूळ विचारांशी निष्ठावंत, असे उत्तर दिले. शब्द एकच, निष्ठा. पण ती मोजायची कशाने?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1985 मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. त्यात एक पळवाट होती: एकतृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांचे सदस्यत्व वाचत असे. 1991 मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा ही तरतूद अस्तित्वात होती. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकली. उरला तो दोनतृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाचा मार्ग. शिंदे गट कुठेच विलीन झाला नाही. त्याचे म्हणणे असे, की आम्ही पक्ष सोडलाच नाही, पक्षच आमचा आहे. त्यामुळे प्रश्न पक्षांतराचा न राहता मालकीचा झाला.

दोन प्रतोद, दोन पक्षादेश निघाले. सुनील प्रभू यांचा आदेश एक सांगे, भरत गोगावले यांचा दुसरा. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगणेही योग्य नव्हते. पण ठाकरे यांनी त्या परीक्षेला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय न्यायालयाने विधानसभा अध्यक्षांवर सोपवला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी 10 जानेवारी 2024 रोजी शिंदे यांची शिवसेना हीच खरी, असा निकाल दिला आणि दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरवला नाही.

त्याआधी 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिले होते. हा निर्णय सामान्य कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा असा आहे. पक्ष कुणाचा हे ठरवताना पक्षाची घटना, संघटनेतले बहुमत आणि लोकप्रतिनिधींचे बहुमत अशा कसोट्या पाहिल्या जातात. पक्षाची 2018 ची घटना लोकशाहीला धरून नाही, म्हणून त्या आधारे संघटनेचे बहुमत मोजता येत नाही, असे आयोगाने म्हटले. उरले आमदार आणि खासदार. त्यांची डोकी मोजली गेली.

म्हणजे शाखेत बसणारा माणूस या मोजणीत आलाच नाही. जोगेश्वरी, भांडुप, घाटकोपरच्या चाळींत पक्ष उभा राहिला तो शाखेवर. नळाला पाणी नाही, मुलाला शाळेत प्रवेश हवा, रात्री रुग्णवाहिका हवी, की माणूस शाखेत जाई. विश्वास तिथे तयार झाला. पण पक्षात निवडणुका नियमाने होत नसतील, तर त्या विश्वासाची कागदावर कुठेही नोंद राहत नाही.

आपल्याकडे नेतृत्वबदल दोनच रीतींनी होतो. एक म्हणजे वरून आलेला आदेश. 1999 मध्ये मनोहर जोशी यांच्या जागी नारायण राणे मुख्यमंत्री झाले, ते बाळासाहेब ठाकरे यांच्या शब्दावर. दुसरी रीत म्हणजे फूट. ब्रिटनमध्ये 2022 च्याच जुलैत मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावली आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना पक्षाचे नेतेपद सोडावे लागले. पक्ष मात्र एकच राहिला, चिन्ह एकच राहिले, कारण नेता बदलण्याची वाट पक्षाच्या नियमांतच होती. आपल्याकडे नेत्याविषयी नाराजी सांगायला आतमध्ये जागा नसते; मग ती बाहेर पडते तेव्हा घर मोडूनच.

आणि घर मोडले ते अक्षरशः. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिममध्ये शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर उभे होते. 2022 मध्ये ते ठाकरे यांच्याबरोबर राहिले होते आणि मार्च 2024 मध्ये शिंदे यांच्याकडे गेले. समोर ठाकरे यांच्याकडून अमोल कीर्तिकर. अमोल यांचे वडील गजानन कीर्तिकर शिंदे यांच्या पक्षात. वायकर निवडून आले ते अवघ्या 48 मतांनी. त्याच वर्षी विधानसभेला अंधेरी पूर्व, मागाठाणे आणि भांडुप शिंदे यांच्याकडे गेले; दिंडोशी, विक्रोळी आणि जोगेश्वरी पूर्व ठाकरे यांच्याकडे. सहाही ठिकाणी शिवसेनेविरुद्ध शिवसेना अशीच लढत होती. मतदारांनी वाटणी केली ती जवळजवळ निम्मी निम्मी.

या आकड्यांवरून अमुक बाजू खरी आणि तमुक खोटी, असे ठरत नाही. एवढे मात्र कळते, की आयोग चिन्ह देऊ शकतो, न्यायालय अधिकार सांगू शकते, पण विश्वास कुणाच्या नावावर करून देता येत नाही. म्हणून उद्या तुमच्या दारात कुठल्याही पक्षाचा उमेदवार आला, तर रस्ता आणि गटाराबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. तुमच्या पक्षात शेवटची निवडणूक कधी झाली? आणि पक्ष बदलायची वेळ आली, तर आधी आम्हाला विचाराल का? निष्ठेचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क मत देणाऱ्याचा आहे, आणि तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही.