क्वेकरांची ‘सरळ भाषा’ : श्रद्धा, शब्द आणि आचरण

धर्मश्रद्धेची खरी कसोटी कोठे लागते, या प्रश्नाला बहुतेक धर्मपरंपरांनी उपासना, व्रत, दान किंवा त्याग अशी उत्तरे दिली आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाने मात्र ही कसोटी दुकानातील भावात, न्यायालयातील साक्षीत आणि एका द्वितीयपुरुषी सर्वनामात शोधली. ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या बोलण्याचालण्यात उतरली पाहिजे, हा आग्रह नवा नव्हता; तो व्याकरणापर्यंत नेणे हे नवे होते. त्यामुळे धर्माच्या अभ्यासकाइतकाच भाषेच्या अभ्यासकालाही हा पंथ उद्बोधक वाटतो.

पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) याची मूळ शिकवण अशी की, प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश वसतो. हे खरे मानले, तर माणसामाणसांतील उच्चनीचता दाखविणारे सर्व उपचार असत्य ठरतात. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात श्रीमंताला मानाची जागा आणि दरिद्र्याला पायाशी जागा देण्याचा निषेध केला आहे. त्याच पत्रात, तसेच मत्तयकृत शुभवर्तमानात, शपथ न वाहता होकाराला होकार व नकाराला नकार एवढेच म्हणण्याचा उपदेश आहे. क्वेकरांनी ही वचने शब्दशः पाळावयाचे ठरविले. त्यातून जी भाषापद्धती घडली, तिला ‘सरळ भाषा’ असे नाव पडले.

त्या काळच्या इंग्रजीत द्वितीयपुरुषी एकवचनासाठी ‘दाऊ’ व बहुवचनासाठी ‘यू’ अशी दोन सर्वनामे होती. परंतु ‘यू’ हे आदरार्थी बहुवचन म्हणून एका व्यक्तीसही वापरले जाई. धनी नोकरास ‘दाऊ’ म्हणे, नोकर धन्यास ‘यू’. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या पायऱ्या सांभाळणाऱ्या मराठी भाषकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. क्वेकरांनी प्रत्येक व्यक्तीस, मग ती न्यायाधीश असो वा मोलकरीण, ‘दाऊ’ असेच संबोधण्यास प्रारंभ केला. त्यांचा युक्तिवाद दुहेरी होता. एक मनुष्य हा एकच असल्याने त्यास अनेकवचन लावणे हे असत्यकथन. आणि प्रार्थनेत प्रत्यक्ष परमेश्वरास ‘दाऊ’ म्हटले जात असता मनुष्याने त्याहून अधिक मानाची अपेक्षा करणे हा अहंकार. आपल्याकडेही विठ्ठलाला ‘तू’ म्हणणारा वारकरी गावच्या पाटलाला ‘तुम्ही’च म्हणत आला, मात्र देवाशी असलेली जवळीक हे त्याचे कारण मानले गेले, पाटलाच्या मानावरील आक्षेप नव्हे. १६६० मध्ये फॉक्स, जॉन स्टब्ज व बेंजामिन फर्ली यांनी एकवचन-बहुवचनाचा भेद अनेक भाषांतील उदाहरणांनी दाखविणारा ग्रंथच प्रसिद्ध केला. त्याची मांडणी मुलांच्या अक्षरपाटीसारखी केली होती. विद्वानांनाच प्राथमिक धडा देण्याचा तो खोचक प्रयत्न होता.

या सर्वनामाची किंमत मोठी होती. टॉमस एलवुड या तरुणाने वडिलांसमोर टोपी न काढता त्यांना ‘दाऊ’ म्हटले, तेव्हा त्याला मार खावा लागला, असे १७१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मवृत्तात नमूद आहे. १६७० मध्ये विल्यम पेन व विल्यम मीड यांच्यावरील खटल्यात ते उघड्या डोक्याने आले असता न्यायालयाच्या आज्ञेने त्यांच्या डोक्यांवर टोप्या ठेवण्यात आल्या, आणि त्या न काढल्याबद्दल त्यांना दंड ठोठावण्यात आला. शपथ नाकारण्याचे परिणाम याहूनही कठोर होते. शपथ घेतल्यावरच खरे बोलायचे, तर एरवीचे बोलणे खोटे मानावयाचे काय, असा क्वेकरांचा प्रश्न होता. १६६२ च्या कायद्याने त्यांचा शपथनकार दंडनीय ठरविला. मार्गारेट फेल हिला राजनिष्ठेची शपथ नाकारल्यामुळे १६६४ पासून चार वर्षे कारावास भोगावा लागला. अखेर १६९६ मध्ये पार्लमेंटने शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञोक्तीस मान्यता दिली. त्या प्रतिज्ञोक्तीतही ईश्वराचा उल्लेख असल्याने अनेक क्वेकरांचे समाधान झाले नाही, आणि १७२२ मध्ये तो उल्लेख वगळण्यात आला. शपथ किंवा प्रतिज्ञा यांपैकी एकाची निवड करण्याची मोकळीक आज भारतीय संविधानातील तिसऱ्या अनुसूचीतही आढळते.

बाजारातही हेच तत्त्व लागू झाले. अधिक भाव सांगून मग घासाघीस करणे म्हणजे न घ्यावयाची किंमत बोलणे, अर्थात असत्य. म्हणून क्वेकर दुकानदार एकच भाव सांगत. प्रारंभी गिऱ्हाइके दुरावली; पुढे मूल पाठविले तरी फसवणूक होणार नाही असा विश्वास निर्माण झाला, असे फॉक्सने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे.

येथवर शब्द आणि श्रद्धा यांची संगती स्पष्ट दिसते. परंतु भाषा स्थिर राहत नाही. अठराव्या शतकात प्रमाण इंग्रजीच्या नित्य बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ लुप्त झाले आणि ‘यू’ हेच सर्वांसाठी एकमेव सर्वनाम उरले. म्हणजे क्वेकरांना अभिप्रेत असलेली समानता भाषेने निराळ्या मार्गाने साधली. लहानांना उंचावून, थोरांना खाली आणून नव्हे. आता क्वेकराचे एकवचनी संबोधन कोणाचा मान कमी करीत नव्हते. ते केवळ बोलणाऱ्याचा पंथ सांगत होते. पुढे अनेक कुटुंबांत घरी व पंथबांधवांत जुने सर्वनाम आणि बाहेरच्यांशी ‘यू’ अशी विभागणी झाली. भेद मोडण्यासाठी घेतलेला शब्द आपला-परका हा नवा भेद दाखवू लागला. रूप तेच राहिले, अर्थ पालटला.

या पालटाचा धोका अमेरिकेत प्रकर्षाने दिसला. तेथे सरळ भाषा कसोशीने पाळणारे काही क्वेकर गुलामांचे मालक होते. न्यू जर्सीत दुकानात कारकुनी करणाऱ्या तरुण जॉन वुलमन (१७२०–१७७२) याला मालकाने एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. विकत घेणारा वृद्ध गृहस्थ पंथातलाच होता. वुलमनने ते लिहिले. पण गुलामगिरी ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याने दोघांसमोर बोलून दाखविले. पुढे गुलामांचा वारसा देणारी मृत्युपत्रे लिहिण्यास तो नकार देऊ लागला. सर्वनाम निर्दोष असलेल्या घरात विक्रीखताचा शब्द मात्र असत्य होता, हे त्याने ओळखले. त्याच्यासारख्यांच्या चिकाटीने फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ मध्ये सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली.

इंग्लंडमध्ये १८६० च्या सुमारास सरळ भाषा व साधा पोशाख यांची सक्ती संपली. शपथ न घेण्याचा प्रघात मात्र टिकला, कारण त्यामागील प्रश्न अद्याप जिवंत होता. क्वेकरांच्या इतिहासातून निष्पन्न होणारी गोष्ट ही की, श्रद्धेशी सुसंगत बोलणे म्हणजे एकदा निवडलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या जपणे नव्हे. शब्दाचा अर्थ समाज ठरवितो आणि तो बदलत राहतो. म्हणून आपला शब्द आज कोणाला काय सांगतो आणि कोणाविषयी मौन पाळतो, याची तपासणी श्रद्धावंताला पुनःपुन्हा करावी लागते. ‘दाऊ’ने ती एकेकाळी केली, पुढे तीच वुलमनच्या नकाराने केली.