आख किती जाड, बुश किती सैल?

जोडी देवणी असो की लाल कंधारी, गाडी जड चालू लागली की लातूर-नांदेडकडे आधी बैलाकडे बोट दाखवलं जातं. पण अनेकदा दुखणं असतं ते चाकाच्या तुंब्यात, आखाच्या टोकाला. ते ओळखता आलं तर बैलांचे हाल वाचतात आणि गाडीही टिकते.

लाकडी चाकाच्या गाडीत आख जागेवर असतो, फिरतं ते चाक. तुंब्यात बसवलेला लोखंडी बुश आखाच्या टोकावर घासत फिरतो. हे घर्षण बैलांना किती जाणवेल, ते आखाच्या जाडीवर ठरतं. चाकाचा व्यास 120 सेंटिमीटर आणि आखाचा 4 सेंटिमीटर धरला, तर बुशातलं घर्षण धावेपाशी तिसाव्या हिश्शाइतकंच उरतं. चाक मोठं आणि आख बारीक, तितकी गाडी हलकी.

मग आख आणखी बारीक का करू नये? कारण गोल आखाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. 40 मिलिमीटरचा आख 32 वर आणला, तर ताकद जवळपास निम्मी होते. उसाची भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की असा आख वाकणारच. म्हणून जाडी ठरवताना आधी भार बघायचा, हलकेपणा नंतर.

आता तपासणी. गाडी रिकामी करा, बैल सोडा, दुसऱ्या चाकाला दगडाची उटी लावा आणि साट्याखाली भक्कम ठोकळा देऊन चाक अधांतरी करा. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड वाजलं तर खेळ वाढला आहे. खीळ काढून चाक उतरवा, जुनं वंगण रॉकेलने धुऊन काढा. आखाचं टोक नीट पाहा. भार कायम खालच्या बाजूने टेकत असल्याने आख खालूनच झिजतो, वरचा भाग जवळजवळ शाबूत राहतो. बुश फिरत असतो, त्यामुळे तो चहूबाजूंनी झिजतो. म्हणून व्हर्नियरने आख एकदा उभा आणि एकदा आडवा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजेच झीज.

आख थोडाच झिजला असेल तर नुसता बुश बदलून भागतं. जास्त झिजला असेल तर वर्कशॉपमध्ये वेल्डिंगने भरून लेथवर पुन्हा गोल करून घ्यावा. चीर दिसली तर मात्र आख बदलाच. तिथे काटकसर नको. नवा बुश आखापेक्षा किंचित मोठा हवा, वंगणाचा थर मावेल इतकाच. घट्ट बसला तर तापतो, सैल राहिला तर चाक डुलतं आणि आरे ढिले होतात. शेवटी पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून कपड्याने पुसा. लोखंडाचा कीस आत राहिला तर वंगणात मिसळून तोच आख खातो.

वंगण भरा, चाक चढवा, वॉशर आणि खीळ घाला, हाताने फिरवून बघा. आवाज न करता बराच वेळ फिरलं तर काम जमलं.

गळीत हंगामाची पहिली खेप भरण्याआधी ही तपासणी करून घ्या. एका सकाळचं काम आहे, पण पुढचे कित्येक महिने बैलांच्या खांद्यावरचा भार त्याने हलका होतो.