परक्या पटलाचा स्वीकार आणि नकार : स्वच्छमंडल-रोपणाची प्राणि-प्रतिमाने

कन्नड चित्रपट अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बंगळूर येथे निधन झाले. त्यांच्या डोळ्यांतून मिळालेली दोन स्वच्छमंडले तेथील नारायण नेत्रालयात चार रुग्णांना बसविण्यात आली. प्रत्येक पटलाचे पुढचा व मागचा असे दोन भाग करण्यात आले; ज्याचा जो थर निकामी झाला होता, त्याला तेवढाच मिळाला. याच संस्थेतील नेत्रपेढी पुनीत यांचे वडील डॉ. राजकुमार यांच्या नावाची असून २००६ मध्ये त्यांचेही नेत्रदान झाले होते. ‘नेत्रदान’ हा शब्द रूढ असला, तरी रुग्णाच्या डोळ्यात बसते ते बुबुळावरील काचेसारखे पारदर्शक आवरण, म्हणजेच स्वच्छमंडल. त्याचे थर वेगळे करणे हा केवळ काटकसरीचा उपाय नव्हे. शरीर परके ऊतक कोणत्या थरात व कशामुळे नाकारते, याचे प्रामुख्याने सशांवर आणि उंदरांवर मिळविलेले ज्ञान या पद्धतीच्या पाठीशी उभे आहे.

या क्रियेला मराठी ‘प्रत्यारोपण’ म्हणते. कन्नडने मात्र ‘कसी’ हा बागकामातला शब्द सरळ शस्त्रक्रियेसाठी घेतला. मराठीतील त्याचा सख्खा प्रतिशब्द ‘कलम’ आंब्यापाशीच थांबला. गंमत अशी, की ‘कलम’ आणि इंग्रजीतील ‘ग्राफ्ट’ या दोन्ही शब्दांचे मूळ लेखणीत सापडते. परंतु झाडाला नकार देता येत नाही, निदान प्राण्याच्या अर्थाने तरी नाही; आणि रोपणाचा सारा प्रश्न तेथेच सुरू होतो.

एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स येथे चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराच्या डोळ्यात परके पटल बसविले व ते पारदर्शक राहिले. मानवी स्वच्छमंडलाचे हे पहिले यशस्वी रोपण मानले जाते. परकी त्वचा मात्र काही दिवसांतच गळून पडते. हा फरक का, याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांच्या उपचाराच्या प्रश्नामुळे त्वचारोपणाकडे वळलेल्या पीटर मेदावर यांच्या संशोधनातून होऊ लागला. सशाच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत परक्या त्वचेचा तुकडा ठेवला असता, त्याच्यापर्यंत रक्तवाहिन्या पोहोचल्या नाहीत तर तो टिकतो, असे त्यांनी १९४८ मध्ये दाखविले. स्वच्छमंडलात मुळातच रक्तवाहिन्या नसतात. डोळा हे ‘विशेषाधिकार’ लाभलेले स्थान आहे, ही कल्पना येथून रुजली.

हा अधिकार निरपवाद नाही, हेही सशांनीच दाखवून दिले. दात्या सशाच्या त्वचेचे रोपण करून ग्राहक सशाला त्या परकेपणाची ‘ओळख’ करून दिली, तर त्याच दात्याचे पटल धूसर होते, असे मॉमनी यांना १९५१ मध्ये आढळले. म्हणजे परके ऊतक निमूटपणे राहत होते ते परके नव्हते म्हणून नव्हे, तर शरीराने त्याची दखल घेतली नव्हती म्हणून. पुढे १९६९ मध्ये खोदादोस्त व सिल्व्हरस्टीन यांनी सशांच्या डोळ्यांत पटलाचे थर स्वतंत्रपणे रोपून प्रत्येक थर वेगवेगळा नाकारला जाऊ शकतो हे सिद्ध केले. सर्वांत आतल्या एकपेशीय अंतःस्तरावर हल्लेखोर लसीकापेशींची एक रेषा सरकत जाते व तिच्या मागे मृत पेशी उरतात. ही रेषा आजही खोदादोस्त यांच्या नावाने ओळखली जाते. पटलातील पाणी बाहेर काढून ते पारदर्शक राखण्याचे काम हाच थर करतो. पुढचा भाग रोपताना रुग्णाचा स्वतःचा अंतःस्तर जागच्या जागी ठेवला, तर या सर्वांत घातक नकाराला लक्ष्यच उरत नाही.

उंदरांवरील प्रयोगांनी यापुढची पायरी गाठली. डोळ्याच्या पुढच्या पोकळीत शिरलेल्या प्रतिजनाविरुद्ध शरीर नुसते गाफील राहत नाही. ते आपला दाहक प्रतिसाद सक्रियपणे आवरते, आणि प्लीहा काढून टाकलेल्या उंदरात हे आवरणे घडत नाही, असे कॅप्लन व स्ट्राइलाइन यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनातून पुढे आले. पटलातील पेशींवर ‘फास लिगंड’ हे प्रथिन असते व ते चालून येणाऱ्या प्रतिकारक पेशींना मृत्यूचा संकेत देते. १९९७ मधील प्रयोगांत हे प्रथिन असलेली पटले निम्म्याच्या आसपास उंदरांत टिकली. ते नसलेली सगळी नाकारली गेली. येथे ‘सहिष्णुता’ हा शब्द जपून वापरावा लागतो. ज्या सहिष्णुतेमागे असा पहारा आहे, तिला औदार्य म्हणणे कठीण.

‘स्व’ व ‘पर’ ही जोडी बर्नेट यांच्यामुळे प्रतिकारशास्त्रात स्थिरावली आणि तेथून साहित्यविचारात आली. झाँ-ल्यूक नान्सी यांनी स्वतःच्या हृदयरोपणाच्या अनुभवातून ‘लाँत्र्यूस’ (२०००) लिहिले. घुसखोराला आत घ्यायचे तर स्वतःची प्रतिकारशक्तीच दडपावी लागते, हे त्यातील विचारसूत्र. या पुस्तकावरून रोपणाचे सर्वसाधारण रूपक बांधणे मात्र घाईचे ठरेल. स्वच्छमंडलाच्या रुग्णाला सहसा आयुष्यभर अशी किंमत मोजावी लागत नाही. बहुधा स्टेरॉइडचे थेंब पुरतात. अवयव बदलला की परकेपणाचा अर्थही बदलतो.

प्राणी हेदेखील माणसाचे भाषांतरच, आणि तेही सदोष. सशाच्या अंतःस्तरातील पेशी विभागून झीज भरून काढतात. प्रौढ माणसाच्या जवळजवळ विभागतच नाहीत. प्रयोगातील उंदीर अंतःप्रजननाने जनुकीयदृष्ट्या एकसारखे केलेले असतात. रुग्ण तसे नसतात. शिवाय भारतात रोपणाची वेळ अनेकदा जंतुसंसर्गाने वा इजेने व्रण पडलेल्या डोळ्यावर येते. अशा पटलात रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या आधीच शिरलेल्या असतात, आणि विशेषाधिकार गेलेला असतो. प्रयोगशाळेत ही स्थिती निरोगी पटलात टाके घालून मुद्दाम निर्माण करावी लागते. आधीचे रोपण नाकारले गेलेल्या रुग्णाची अडचण याहून बिकट असते: त्याच्या शरीराला परक्या पटलाची ओळख पूर्वीच पटलेली असते, आणि दुसरे पटल टिकण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कमी असते.