दिवा केवढा दिसतो?

फोटोसाठी दिवा घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा वॅट विचारतो. साठ घेऊ की शंभर? दुकानदारालाही हा प्रश्न सोयीचा, कारण वॅट वाढले की बिल वाढतं. मग दोन दिवे, दोन स्टँड, दोन छत्र्या आणि वर एक पिशवी फुकट असा संच घरी येतो. चार दिवसांत कळतं, की फोटो उजळ झाले, पण बरे काही झाले नाहीत. ओठावर नाकाची काळीभोर सावली, मागच्या भिंतीवर डोक्याच्या दोन-दोन आकृत्या आणि साडीचा रंग भलताच. यातल्या एकाही दोषाला वॅट जबाबदार नाहीत.

आधी सावलीचं बघू. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, पण तो 15 कोटी किलोमीटर लांब आहे. त्यामुळे आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा अडवतो. एवढा अजस्र दिवा, पण आपल्या चेहऱ्याच्या दृष्टीने एक ठिपका. म्हणूनच उन्हातली सावली धारदार असते. आभाळ भरून आलं, की उजेड त्या ठिपक्याऐवजी सगळ्या आभाळातून उतरतो आणि सावल्या विरघळून जातात. चेहऱ्यावरून बघितलं तर दिवा केवढा दिसतो, यावर सावलीचा मऊपणा ठरतो. दिव्याचा प्रत्यक्ष आकार किंवा ताकद इथे दुय्यम.

हे मोजताही येतं. सावलीच्या कडेला जी धूसर पट्टी असते, म्हणजे उपछाया, तिची रुंदी काढायची तर दिव्याच्या आकाराला वस्तू ते सावली या अंतराने गुणायचं आणि दिवा ते वस्तू या अंतराने भागायचं. नाकाचं टोक गालापासून 2 सेंटीमीटर पुढे आहे असं धरा. 6 सेंटीमीटरचा उघडा बल्ब 2 मीटरवर ठेवला, तर पट्टी येते 0.6 मिलिमीटर. सावली कात्रीने कापल्यासारखी. 60 सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यापुढे पांढरं कापड ताणलेली पेटी, 3 मीटरवर ठेवला, तर 4 मिलिमीटर. तोच सॉफ्टबॉक्स ओढून चेहऱ्यापासून 60 सेंटीमीटरवर आणला, की पट्टी होते 2 सेंटीमीटरची. नाक जेवढं पुढे, तेवढीच रुंद. अशा सावलीला कड उरतच नाही, नुसता उतार उरतो. आणि या गणितात वॅट कुठेही आले नाहीत.

नवशिके नेमकं उलटं करतात. दिवा डोळ्यावर येतो म्हणून खोलीच्या कोपऱ्यात ढकलतात, मग उजेड कमी पडला म्हणून जास्त वॅटचा दिवा आणतात. जवळ आणण्याचा आणखी एक फायदा शाळेतल्या व्यस्त वर्ग नियमात दडलेला आहे. अंतर दुप्पट झालं, की उजेड चौथाईवर येतो. माणूस दिव्यापासून 1 मीटरवर आणि भिंत 2 मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या चौथाई उजेड मिळतो आणि ती गडद होऊन मागे सरकते. दिवा 3 मीटरवर नेला, तर भिंत 4 मीटरवर जाते आणि तिला निम्म्याहून जास्त उजेड मिळतो. मग मागची खुंटी, कॅलेंडर, स्विचबोर्ड सगळं फोटोत हजर. (मोठ्या सॉफ्टबॉक्सच्या अगदी जवळ हा नियम तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा हीच.) दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीचं काय करायचं, याचं पहिलं उत्तर म्हणजे दिवा जवळ घ्या.

मऊ उजेडाची आपल्याकडची उत्तम गोष्ट कॅमेरामन सुब्रत मित्र यांची आहे. सत्यजित राय यांच्या 1956 च्या ‘अपराजितो’ चित्रपटात बनारसच्या घराचं अंगण आहे. तिथे वरून, आभाळातून पाझरणारा उजेड हवा. पण सेट होता स्टुडिओच्या छपराखाली. मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणून बसवलं आणि दिवे खालून त्यावर सोडले. दिवे छोटेच, पण पात्रांना दिसत होतं ते आभाळाएवढं कापड. आज चित्रीकरणाच्या सेटवर थर्माकोलचे पांढरे तक्ते घेऊन मुलं उभी असतात, त्यामागचं तत्त्व तेच. घरी पांढरी चादर किंवा पांढरं छत हेच काम करतं. फक्त छत खरोखर पांढरं हवं. पिस्ता रंगाच्या भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्याला पिस्ता रंगाची झाक देतोच.

मग खिडकी काय वाईट? अजिबात नाही. ती फुकटचा सॉफ्टबॉक्स आहे. युरोपातले जुने चित्रकार आणि छायाचित्रकार उत्तरेची खिडकी पसंत करत, कारण कामाच्या वेळात तिथे सूर्य उत्तरेला येत नाही. हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा उचलला तर फसगत होते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येण्याचे, दिवस येतात. त्यांच्या मधल्या काळात सूर्य दिवसभर उत्तरेच्याच बाजूला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन त्या खिडकीतून आत शिरतं. तेव्हा पातळ पांढरा पडदा लावा, म्हणजे ऊन खिडकीएवढ्या दिव्यात बदलतं. खिडकीची खरी अडचण दुसरीच. तिचा उजेड तासातासाला बदलतो आणि नोकरीवरून आल्यावर, रात्री नऊला, ती उपयोगाची नसते.

आता रंगाकडे येऊ. घरून पैठणी विकणाऱ्या कुणालाही विचारा, सर्वात जास्त तक्रार कसली? ‘फोटोत वेगळा रंग होता.’ पैठणी हा फोटोग्राफरची परीक्षा घेणारा कपडा आहे. बऱ्याच पैठण्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. त्यात जर म्हणजे बारीक आरसाच. छोटा दिवा समोरून मारला, तर पदरावरचे मोजके ठिपके चमकतात आणि बाकीची जर मातकट दिसते, कारण ती समोरच्या अंधाऱ्या खोलीचं प्रतिबिंब दाखवते. मोठा दिवा बाजूने, थोडा वरून आणला, तर जरीच्या प्रत्येक तारेला प्रतिबिंब दाखवायला काहीतरी उजळ मिळतं आणि पदरावरचे मोर उठून येतात. स्टीलच्या पातेल्याचंही असंच आहे. तुम्ही पातेल्याचा फोटो काढत नसता, पातेल्यात दिसणाऱ्या खोलीचा काढत असता.

पण उजेडातच एखादा रंग कमी असेल, तर मांडणी कितीही सुधारून उपयोग नाही. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. निळ्याचा काही भाग थरात शिरून पिवळा होऊन बाहेर पडतो आणि दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरं वाटतं. हे ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झालं, त्यासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त दिव्यांत या मिश्रणात गडद लाल फार कमी असतो. मग कुंकू तपकिरी दिसतं, लाल काठ विटके दिसतात आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कांतीची ऊब जाऊन ती आजारी वाटते.

खोक्यावर छापलेले केल्विन याबद्दल काहीच सांगत नाहीत. 5600 केल्विन म्हणजे दिव्याचा एकूण कल दिवसाच्या उजेडाकडे आहे, एवढंच. रंग किती प्रामाणिक दिसतील ते सीआरआय सांगतो, पण त्यातही खोच आहे. नेहमीचा सीआरआय आठ फिक्या रंगांची सरासरी आहे. गडद लाल, ज्याला आर-9 म्हणतात, तो त्या आठांत नाही. त्यामुळे घरगुती एलईडी बल्ब 80 सीआरआय मिरवत असतानाही त्याचा आर-9 शून्याच्या आसपास असू शकतो. दुकानात सीआरआय 95 च्या वर आहे का हे विचारा आणि जमल्यास आर-9 चा आकडा मागा. विक्रेता गोंधळेल, गोंधळू द्या. आणि फोटो काढताना खोलीतली ट्यूब आणि पिवळा बल्ब बंद करा. कॅमेरा एका वेळी एकाच उजेडाचं पांढरं जुळवू शकतो.

आता कुठे वॅट. सतत जळणारा एलईडी घ्यावा की फ्लॅश, हा वाद इथेच सुटतो. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं उघडलं, तर 60 वॅटचा एलईडी तेवढ्यात 0.6 जूल ऊर्जा वापरतो. कॅमेऱ्यावर बसणारा साधा फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण 60 जूल एका क्षणात ओततो, शंभरपट. एलईडी विजेचा उजेड करण्यात जास्त पटाईत आहे हे धरलं, तरी तफावत मोठीच. शिवाय फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात आटोपतो. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात याच क्षणिक उजेडाने दुधाच्या थेंबाचा उडालेला मुकुट दाखवला. तेव्हा उड्या मारणारं पोर किंवा गिरक्या घेणारी नर्तिका टिपायची असेल, तर फ्लॅशला पर्याय नाही.

पण पैठणी उडी मारत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर एक सेकंद उघडं ठेवलं, की तोच 60 वॅटचा एलईडी 60 जूल देऊन मोकळा होतो. साड्या, दागिने, फराळाचं ताट यांसाठी छोटा एलईडी पुरून उरतो, आणि सावली कुठे पडते ते आधीच दिसत असल्याने शिकायलाही तोच बरा. मोबाइलवर काम करणाऱ्यांनी तर स्टुडिओ फ्लॅशचा विचारही करू नये, बहुतेक फोन त्याच्याशी जुळत नाहीत. एकच सांभाळा: आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. चित्रावर आडवे पट्टे आले, तर शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवून बघा.

रिंग लाइटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तो लेन्सभोवती बसतो, त्यामुळे सगळ्या सावल्या वस्तूच्या मागे लपतात, चेहरा सपाट होतो आणि बुबुळात पांढरी कडी उमटते. मेकअप दाखवायला ठीक, बाकी त्याच पैशात एक बरा सॉफ्टबॉक्स येतो.

माझ्या हिशेबाने पहिली खरेदी अशी: एकच एलईडी, ज्यावर बोवेन्स माउंट असेल, कारण बाजारातले बहुतेक सॉफ्टबॉक्स त्यावर बसतात, आणि 90 सेंटीमीटरच्या आसपासचा एक सॉफ्टबॉक्स. वाचलेले पैसे स्टँडवर घाला. सॉफ्टबॉक्समुळे दिव्याचा तोल पुढे जातो, आणि लुकड्या स्टँडवर पंख्याचा वारा लागला तरी सगळं आडवं होतं. पायाशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधा आणि फोटो काढताना पंखा बंद ठेवा. दुसरा दिवा इतक्यात नको. त्याच्या जागी दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तक्ता उभा करा, सावली हवी तेवढी उजळते. आणि लहान खोलीत पांढऱ्या भिंतींवरून उजेड इतका परतून येत असेल, की चेहऱ्याचा आकारच हरवतोय, तर तक्ता काढून तिथे काळं कापड टांगा. गालाची कड लगेच परत येते.