सा ग प नी आणि धडकी

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका संपली. नववर्षाच्या पहाटे उठून शेवटचा भाग पाहणाऱ्यांचं रडूनही झालं, आणि शेवट पटला की फसला यावरची भांडणंही जुनी होत आली. मला बोलायचंय ते शीर्षकसंगीताबद्दल. २०१६ पासून जाहिरात असो, ट्रेलर असो की पॉडकास्ट, संगीतकाराला फर्माईश एकच: ‘ते एटीजवालं सिंथ टाका ना.’ टाकलं की काम झालं, असा समज आहे.

पेटी काढा आणि वाजवा: सा ग प नी सां नी प ग. ऑस्टिनच्या काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांनी ज्यासाठी एमी मिळवलं, त्या धुनेचा गाभा एवढाच. हंसध्वनीतला रिषभ गाळला की उरतात तेच हे स्वर, सगळे शुद्ध. दक्षिणेत याच रागात गणपतीला आळवतात. पेटीवर कुणालाही भीती वाटणार नाही.

मग धडकी कुठून भरते? नादातून. सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, फिल्टर आधी वरचे स्वरांश दाबून ठेवतो, त्यामुळे आवाज बंद दाराआडून आल्यासारखा येतो. मग तो हळूहळू उघडत जातो आणि खाली खर्ज घुमत राहतो. शिवाय जुन्या ॲनालॉग सिंथमध्ये स्वर ठरतो व्होल्टेजवर. खोली तापली की स्वर सरकतो. दोन ऑसिलेटर एकाच स्वरावर लावले तरी तंतोतंत जुळत नाहीत आणि त्या फरकातून तानपुऱ्याच्या जोडीसारखी लाट उठते. तेव्हा वादक याला वैतागायचे. १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथवर तर स्वर जुळवायचं वेगळं बटणच होतं. आज सॉफ्टवेअर हाच दोष मुद्दाम घालून देतं, वर त्याचे पैसे घेतं.

म्हणून असं संगीत निवडताना ‘जुनं वाटतंय का?’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. जुनं वाटणं स्वस्त झालंय. प्रसंगात ते करतंय काय, ते बघा. जॉन कार्पेंटरने १९७८मध्ये ‘हॅलोविन’ या आपल्या भयपटाला पाच मात्रांचा ठेका दिला, तो वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला. सिंथ घेतला कारण वाद्यवृंदाला पैसे नव्हते. पाचाच्या चालीत पाय कुठे टेकवायचा ते कळत नाही, आणि पडद्यावरच्या मुलीलाही तेच होतंय. ‘ब्लेड रनर’मध्ये व्हँजेलिस यामाहा सीएस-८० वाजवतो. शंभरेक किलोचं ते धूड, पण प्रत्येक पट्टी बोटाचा दाब वेगळा ओळखते, म्हणून स्वर गायकासारखा फुलतो. यातल्या कुणालाही ‘रेट्रो’ करायचं नव्हतं.

आपल्याकडे तर गंमतच. मुंबईतल्या १९८२च्या कथेला ऑस्टिन-लॉस एंजेलिसची आठवण चिकटवली जाते. आणि त्याच मुंबईत, त्याच वर्षी, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ एवढी रोलँडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवत होते. याच टीबी-३०३वर उभं राहिलेलं शिकागोचं ‘ॲसिड हाऊस’ हे नृत्यसंगीत ऐकू यायला अजून पाच वर्षं होती. एचएमव्हीने काढलेली ती रेकॉर्ड चालली नाही. २०१०मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे जगाचे कान टवकारले. २०१५मध्ये सिंग गेले.

त्यातला भैरव ऐकाच. टीबी-३०३ला मुळात एक स्वर दुसऱ्यात घसरवता येतो, हे या गृहस्थांनी मींडेसाठी वापरलं. ऐंशीच्या दशकातली मुंबई दाखवणाऱ्या कुठल्याही निर्मात्याने लायब्ररीतल्या ‘सिंथवेव्ह’च्या फोल्डरला हात घालण्याआधी ही तबकडी लावायला हवी. हक्कांची बोलणी करावी लागतील, थोडा खर्च येईल. पण मोटारी, चष्मे आणि टेलिफोनचे डबे अस्सल हवेत म्हणून आपण कलादिग्दर्शकाला चोरबाजारात पिटाळतोच की.