टायर रुंद, फायदा अरुंद

टायरच्या अंगावरचा आकडा कधी नीट वाचलाय? १६५/८० आर१४. यातले १६५ मिलिमीटर, ८० टक्के आणि १४ इंच! एकाच ओळीत तीन मोजमापं, आणि तिघांचं सुखाने नांदणं चालू आहे. पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो. टायरची भिंत, म्हणजे साइडवॉल, त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते दुसरा सांगतो आणि तिसरा रिमचा व्यास. 'आर' म्हणजे रेडियल. नवी गाडी दारात आली की महिन्याभरात 'जरा रुंद टायर टाकूया का?' हा प्रश्न ज्यांना छळू लागतो, त्यांची नजर फक्त पहिल्या आकड्यावर असते. गंमत मात्र दुसऱ्यात दडलेली आहे.

दोन मिलिमीटरची करामत

मारुती स्विफ्टच्या स्वस्त व्हेरियंटला १६५/८० आर१४ टायर येतात आणि महागड्याला १८५/६५ आर१५. शोरूममध्ये दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर दुसरी चांगलीच दांडगी दिसते. आता कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या चाकाचा एकूण व्यास भरतो ६१९.६ मिमी, दुसऱ्याचा ६२१.५. फरक पुरता दोन मिलिमीटरसुद्धा नाही! टायर २० मिमी रुंद झाला, रिम इंचभर वाढली, भिंत १३२ मिमीवरून १२० वर उतरली आणि चाकाची उंची होती तिथेच राहिली. अपसाइझ करणं म्हणतात ते हे.

याहून मजेशीर पुढचं आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि नियमाप्रमाणे ती १.६ मिमीपर्यंत झिजू देता येते. म्हणजे टायर बाद होईपर्यंत चाकाचा व्यास तेराएक मिलिमीटरने घटलेला असतो. कंपनीने दोन व्हेरियंटमध्ये ठेवलाय त्याच्या सहापट फरक टायर आपला आपण करतो, आणि मालकाला पत्ताही नसतो.

टक्केवारी विसरलात तर

आता समजा कुणी हौसेने पंधरा इंची रिमवर २०५/६५ चढवला. टक्के तेच ठेवले, रुंदी वाढवली, त्यामुळे भिंतही उंच झाली. व्यास झाला ६४७.५ मिमी, मूळच्या चौदा इंचीपेक्षा साडेचार टक्के जास्त. स्पीडोमीटरला याची काही खबर नसते. चाक एका फेरीत पूर्वीइतकंच अंतर कापतं असं धरून तो बिचारा हिशेब करत राहतो. तो शंभर दाखवत असताना गाडी त्याच्या समजुतीपेक्षा साडेचार किलोमीटर वेगाने पळत असते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट पट्ट्यात कारला ताशी १०० ची मर्यादा आहे आणि तिथला कॅमेरा तुमच्या काट्याला विचारून चलन फाडत नाही.

थोडा दिलासाही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत, नियम ३९ मध्ये, म्हटलंय की स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालेल, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत. त्यामुळे कंपन्या काटा मुळातच जरा पुढे ठेवतात. उंच टायर तुमची ही शिल्लक खाऊन टाकतो.

ओडोमीटरचीही तीच कथा. खरे शंभर किलोमीटर झाले तरी तो ९६ च्याही आत राहतो. टाकी फुल करून अ‍ॅव्हरेज काढणाऱ्याला वाटतं, रुंद टायरने गाडी जास्तच पेट्रोल प्यायला लागली. त्यातला काही भाग न मोजलेल्या किलोमीटरचा असतो! गाडी विकताना मात्र हेच कमी किलोमीटर गोड वाटतात, ते सोडा.

आणि घाट? मोठं चाक म्हणजे गिअर लांब झाल्यासारखं. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर कसारा. जिथे तिसऱ्यावर निभत होतं तिथे दुसऱ्यावर यावं लागतं.

पोस्टकार्डावर उभी गाडी

छोट्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर साधारण २८० किलो वजन येतं असं धरू. हवेचा दाब ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकणारा तुकडा निघतो १३३ चौरस सेंटिमीटरचा. टपाल खात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे १२६. जवळजवळ तेवढंच.

आता या भागाकारात रुंदी कुठे आली? कुठेच नाही! वजन तेच, दाब तोच, तर क्षेत्रफळही ढोबळमानाने तेच. रुंद टायर टाकला की पोस्टकार्ड मोठं होत नाही, आडवं होतं. लांबीला आखूड, रुंदीला जास्त. 'रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर' हे वाक्य दुकानात छातीठोकपणे सांगितलं जातं. मला ते टायरविक्रीतलं सर्वांत यशस्वी अर्धसत्य वाटतं.

अर्धसत्यच, कारण उरलेला अर्धा भाग खरा आहे. घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा नियम फ्रान्सच्या गिओम आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडला. त्यांच्या दोनशे वर्षं आधी लिओनार्दो द विंचींच्या वह्यांत तो होता. रबर मात्र या नियमाला भीक घालत नाही. त्याच्यावर दाब जितका जास्त, तितकी त्याची पकड वजनाच्या मानाने कमी पडत जाते. आडवा तुकडा वळणावर भार बऱ्यापैकी वाटून घेतो आणि ठेंगणी भिंत कमी लवते. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर, वळणात, रुंद टायरची गाडी खरोखरच जास्त चिकटून चालते. स्टिअरिंगलाही चटकन दाद देते.

पुढच्या चाकांचा ओव्हरटाइम

छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढची दोन चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेक मारल्यावर बहुतेक भारही तीच झेलतात. मागची दोन? बरीचशी मागोमाग येतात. या व्यवस्थेला घरोघरी पोचवणारी गाडी म्हणजे अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी. १९५९ साली आली, लांबी जेमतेम ३.०५ मीटर, इंजिन आडवं ठेवलेलं आणि चाकं दहा इंची! एवढ्याशा चाकांसाठी डनलॉपने खास टायर बनवले. त्याच बारक्या चाकांवर मिनीने मॉन्टे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. १९६६ ला तर पहिले तिन्ही नंबर मिनीचे होते, पण हेडलाइटच्या बल्बवरून पंचांनी तिन्ही गाड्या बाद केल्या. टायरवरून नव्हे, हे लक्षात घ्या.

पुढची चाकं एवढी राबतात तर रुंद टायर पुढेच टाकावेत, मागे जुनेच राहू द्यावेत, असा विचार मनात येतो. कंपन्यांनी हे करून पाहिलंय. १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढे १६५ आणि मागे १५५ चे टायर होते. पॉन्टिअॅक ग्रां प्री जीएक्सपी ही अमेरिकेतली आठ सिलिंडरची फ्रंट व्हील ड्राइव्ह, तिला पुढे २५५ आणि मागे २२५! पण तिथे सस्पेन्शन त्या हिशेबाने जुळवलेलं होतं. घरच्या गाडीला हा प्रयोग करू नये. पुढची पकड वाढली आणि मागची तशीच राहिली, तर ओल्या वळणावर गाडीची शेपटी आधी सुटते. पुढची चाकं घसरली तर आपण आपसूक अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि गाडी बरेचदा सावरते. शेपटी सुटली की सावरायला सराव लागतो, आणि तो आपल्यापैकी कुणाला असतो?

म्हणूनच जगातल्या बड्या टायर कंपन्या एक उलटा वाटणारा सल्ला देतात: दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा, मग गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह का असेना. टायरवाल्याला हे सांगितलंत की तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. बघू द्या.

आणि मग पाऊस

रस्त्यावर ३ मिमी पाणी साचलंय आणि गाडी ८० च्या वेगात आहे. १६५ चा टायर त्या वेळी दर सेकंदाला सुमारे ११ लिटर पाणी बाजूला सारत असतो, १९५ चा १३ लिटर. रुंद टायरला काम जास्त आणि त्याचा टेकणारा तुकडा आखूड, म्हणजे वेळ कमी. पाणी हटलं नाही की चाक त्यावर तरंगू लागतं. स्टिअरिंग अचानक हलकं होतं आणि ज्या चाकांवर आपली सगळी भिस्त, तीच रस्ता सोडतात. विमानांच्या टायरवर प्रयोग करून नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ मध्ये चाक कोणत्या वेगाला तरंगू लागेल याचं एक सूत्र दिलं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये. तीस पीएसआयला ते ताशी ९१ किलोमीटर येतं. सूत्र गुळगुळीत टायरचं, पण त्यातला इशारा सगळ्यांना लागू आहे: हवा कमी असेल तर गाडी कमी वेगातच तरंगेल.

बर्फातही तेच. बर्फाच्या रॅलीत गाड्यांना अरुंद, खिळ्यांचे टायर लावतात, कारण अरुंद टायर वरचा भुसभुशीत थर कापून खालच्या कडक भागापर्यंत पोचतो.

उलटी गंगा

आपण रुंदीच्या मागे धावतोय तेव्हा इंजिनिअर दुसऱ्याच दिशेने निघालेत. बीएमडब्ल्यूच्या आय३ या २०१३ च्या इलेक्ट्रिक गाडीला १५५/७० आर१९ टायर होते. रुंदी आपल्या छोट्या गाडीसारखी, रिम एकोणीस इंची! उंच आणि सडपातळ चाक सहज घरंगळतं, वाराही कमी अडवतं, बॅटरी जास्त पुरते. फॉर्म्युला वनने २०१७ मध्ये टायर दणक्यात रुंद केले होते. २०२६ च्या नियमांत ते पुढे २५ आणि मागे ३० मिमीने पुन्हा अरुंद झाले.

चिल्लर, पण कामाची

टायरवर मापाशेजारी ८५एस किंवा ८८एच असं काही लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. नवा टायर मूळच्या आकड्याखाली जाता कामा नये. अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, यू २००. मग एच? तो २१०, यू आणि व्ही यांच्या मधोमध! वर्णमालेशी त्याचं भांडण कशावरून झालं कोण जाणे.

डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे टायरची जन्मतारीख सांगतात. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. 'सेलमध्ये मिळाला' म्हणणाऱ्याने हे आधी बघावं.

१८५/६५ ला साधारण ५ ते ६.५ इंच रुंद रिम चालते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की त्याच्या भिंती आत चेपतात आणि वळणात डुगडुगतात.

रिम बाहेर काढणारे स्पेसर किंवा चुकीच्या ऑफसेटचे अलॉय लावले की खड्ड्याचा आणि ब्रेकचा प्रत्येक झटका थेट हातात येतो. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचाही.

रुंद टायर रस्त्याच्या चाकोऱ्या हुंगत जातो. कंटेनरने दाबलेल्या डांबरावर स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं.

स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि व्यासात फरक असेल, तर ती पुढे लावून लांब जाऊ नये. दोन्ही चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही राबत राहतं. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे आणा, स्टेपनी मागे टाका. कटकट आहे, पण गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा स्वस्त.

राहिला कायदा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. त्यामुळे सर्वांत बिनघोर वाट एकच: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते ते घ्यायचं आणि तिथेच थांबायचं. त्यापलीकडे जे पैसे रुंदीवर उडवणार असाल, ते त्याच मापाच्या चांगल्या रबराच्या टायरवर घाला. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना त्याचा उपयोग जास्त होईल.

तरीही मोह आवरला नाही, तर दुकानदाराला पैसे देण्याआधी चार धडधाकट मित्रांना गाडीत बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि एखाद्या स्पीडब्रेकरवरून गाडी काढा. आतून घासल्याचा आवाज आला तर जुने टायर तिथल्या तिथे परत लावून घ्या.