नसलेल्या फोनसाठी लिहिलेली ॲप्स

१२ नोव्हेंबर २००७ रोजी गुगलने अँड्रॉइडचा पहिला एसडीके, म्हणजे ॲप तयार करण्यासाठी लागणारा साधनसंच, जगभरच्या प्रोग्रामरांसाठी खुला केला. त्या दिवशी अँड्रॉइडवर चालणारा एकही फोन बाजारात नव्हता. एचटीसीने बनवलेला पहिला फोन, टी-मोबाइल जी-१, अमेरिकेत विक्रीला आला तो जवळजवळ वर्षाने, २२ ऑक्टोबर २००८ला. तरीही गुगलने एकूण एक कोटी डॉलरची बक्षिसे जाहीर करताच पहिल्या स्पर्धेसाठी १,७८८ ॲप्स दाखल झाली. ज्यांच्यासाठी ती लिहिली होती, ते फोन लिहिणाऱ्यांनी पाहिलेही नव्हते.

हे शक्य झाले संगणकावरच फोन चालवून दाखवणाऱ्या इम्युलेटरमुळे. फोनमधला प्रोसेसर एआरएम जातीचा, टेबलावरच्या संगणकातला बहुधा इंटेलचा. दोघांची यंत्रभाषा वेगळी. इम्युलेटरच्या मुळाशी असलेले क्यूएमयू हे फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार्द यांनी सुरू केलेले सॉफ्टवेअर एआरएमच्या सूचना वाचून त्यांचे संगणकाला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करत जाते. त्यामुळे खिडकीत दिसतो तो नुसता फोनचा देखावा नसतो, आत अँड्रॉइड खरोखर चालू असते. या भाषांतराची किंमत वेगात मोजावी लागे आणि सुरुवातीचे इम्युलेटर फार संथ होते. ॲपलचा सिम्युलेटर वेगळी वाट धरतो: ॲप थेट मॅकच्या प्रोसेसरसाठी बांधून चालवतो. तिथे सगळे झरझर चालते, आणि म्हणूनच प्रत्यक्ष आयफोनवर ते किती वेगाने चालेल याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

इम्युलेटरला बाहेरून आज्ञा देता येतात. ‘जीएसएम कॉल’ लिहून आकडा दिला की खोटा फोन येतो आणि आपले ॲप मध्येच थांबून नीट सावरते का, हे कळते. ‘जिओ फिक्स’ लिहून ठिकाण दिले की जीपीएस ते ठिकाण दाखवू लागते. यात एक खोच आहे. इथे रेखांश आधी आणि अक्षांश नंतर द्यायचा असतो, नकाशात आपण वाचतो त्याच्या नेमका उलट. पुण्यासाठी ७३.८५ आणि १८.५२ हा क्रम बरोबर. तो उलटा केला तर आपला फोन थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पोचतो. मात्र खिशात तापलेला फोन, उतरत चाललेली बॅटरी, घाटात येणारी-जाणारी रेंज या गोष्टी शेवटी खऱ्या फोनवरच तपासाव्या लागतात.

इम्युलेटरचा संथपणा सोसता येतो. पायाखालची जमीनच सरकली तर मात्र कठीण होते, आणि प्रकाशनपूर्व साधनांवर काम करणाऱ्याला ते गृहीतच धरावे लागते. ऑगस्ट २००८मध्ये ०.९ बीटा आला तेव्हा ‘इंटेंट रिसीव्हर’ या भागाचे नाव बदलून ‘ब्रॉडकास्ट रिसीव्हर’ झाले होते. जुना कोड बांधला जाईना. हे निदान शोधून-बदलून भागण्यासारखे होते. पण ॲप्सना ब्लूटूथ वापरू देणारा भाग आणि जीटॉक या गुगलच्या चॅटवरून एका फोनमधून दुसऱ्या फोनला निरोप धाडणारी सेवा १.०मधून वगळण्यात आली. ब्लूटूथची सोय २००९मध्ये अँड्रॉइड २.०बरोबर आली. तिच्या भरवशावर ॲप उभे करणाऱ्यांचे कष्ट तोवर अडकून पडले. तरीही माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. अंतिम आवृत्तीत दिलेल्या सोयीवर हजारो ॲप्स विसंबतात. ती नंतर काढून घेणे जवळपास अशक्य होते. अर्धवट शिजलेली गोष्ट मागे घेण्याची संधी प्रकाशनाच्या आधीच असते.

आता या प्रवासाला वेळापत्रक आहे. अँड्रॉइड १६ची डेव्हलपरांसाठीची पहिली झलक नोव्हेंबर २०२४मध्ये आली आणि अंतिम आवृत्ती १० जून २०२५ला. मधला कळीचा टप्पा होता मार्च २०२५चा, प्लॅटफॉर्म स्टॅबिलिटीचा. या टप्प्यानंतर ॲप्सना दिलेल्या सोयी आणि त्यांचे वर्तन बदलत नाही. त्याआधी मात्र काहीही बदलू शकते. म्हणून झलक-आवृत्तीच्या साधनांनी बांधलेली ॲप्स त्याआधी प्ले स्टोअरवर चढवता येत नाहीत. ॲपलचाही नियम तसाच: एक्सकोड या ॲपलच्या साधनाच्या बीटा आवृत्तीने बांधलेले ॲप टेस्टफ्लाइट या चाचणी-सेवेवरून परीक्षकांना देता येते, ॲप स्टोअरवर नाही. अँड्रॉइड ११पासून फोनच्या डेव्हलपर पर्यायांत आणखी एक उपयोगी सोय आहे. नव्या आवृत्तीतले अनेक बदल तिथे एकेक करून चालू-बंद करता येतात. ॲप कोसळले, तर वीस बदलांपैकी नेमका कोणता नडला, हे त्यामुळे हुडकता येते.

मराठी ॲप्स लिहिणाऱ्यांचा तर या प्रकाशनपूर्व टप्प्याशी थेट संबंध आहे. अँड्रॉइड १३ने लॅटिनेतर लिप्यांसाठी ओळीची उंची बदलली. अक्षरे वर-खाली कापली जाऊ नयेत म्हणून केलेला हा बदल चांगलाच होता, पण त्याने मोजूनमापून आखलेल्या पडद्यांची मांडणी हलू शकते. अँड्रॉइड १४पासून अक्षरे दोनशे टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. अशा वेळी बटणावर ‘गर्दी’मधला रफार पुरता दिसतो का, ‘उद्धृत’च्या खालचा ऋकार छाटला जातो का? अँड्रॉइडमध्ये चाचणीसाठी एक कृत्रिम भाषा असते. ती इंग्रजी मजकूर लांबवते आणि अक्षरांवर चिन्हे चढवते. जोडाक्षरांची परीक्षा तिच्याने होत नाही. त्यासाठी खरा मराठी मजकूरच भरावा लागतो.

शोधाची खिडकीही तपासा. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ॲपने काळजी घेतली नसेल तर एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यावर सापडत नाही. हा दोष अँड्रॉइडचा नव्हे, तो ॲप लिहिणाऱ्यालाच दुरुस्त करावा लागतो.

मात्र दोष प्रणालीचाच असेल तर बीटा चालू असतानाच तो गुगलच्या इश्यू ट्रॅकरवर नोंदवा. फोनचे मॉडेल, बिल्डचा क्रमांक, नेमका शब्द आणि पडद्याचे चित्र एवढे तरी त्यात हवेच. प्लॅटफॉर्म स्टॅबिलिटीच्या आधी ही नोंद पोचली तर तो दोष दुरुस्त होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.